पाच माणसं, दोन तिकिटं

पुण्या-मुंबईची माणसं ताडोब्याला वाघ पाहायला येतात. जिप्सी, गाइड, प्रवेशशुल्क आणि रिसॉर्ट मिळून त्यांचा जो खर्च होतो, त्यात आमच्या मूल गावात एखाद्याचं साक्षगंध थाटात उरकतं. आम्ही मूलकरांनी वाघावर कधी एक रुपया खर्च केलेला नाही. उलट वनखातंच आम्हाला फुकटात सांगत असतं, की अंधार पडल्यावर शेताकडे जाऊ नका. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायांना तर रोजच सफारी घडते, आणि सगळ्या परत येतातच असं नाही. तेव्हा सुट्टीत पोरांना काय दाखवायचं, या यादीत आमच्या घरी वाघ नव्हता. यादीत सगळ्यात वर होता सरकता जिना.

म्हणजे नागपूर ठरलं. अंतर दीडशेच्या वर किलोमीटर, मुलांचा मामा मानेवाड्यात, आणि माझ्या खिशाला झेपेल असं दुसरं मोठं शहर या दिशेला नाही. राहता राहिला प्रश्न कधी जायचं याचा. दिवाळीच्या सुट्टीत धान कापणीला आलेलं असतं. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. सन १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला काय दिलं यावर आमच्या चौकात वाद होतात, पण त्या दिवसांत नागपूरच्या लॉजवाल्यांना भरपूर दिलं याबद्दल एकमत आहे. जानेवारीत झाडीपट्टीतली नाटकं ऐन भरात असतात, आणि रात्रभर नाटक पाहायचं सोडून आई शहर पाहायला येईल, हे अशक्य. उरला मे महिना.

मे महिन्यात नागपूरला जातो म्हटल्यावर शेजाऱ्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. मी म्हटलं, जगातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांत दरवर्षी नाव येतं ते आपल्या चंद्रपूरचं. आपल्याला नागपूर म्हणजे थंड हवेचं ठिकाण.

अंदाजपत्रक बायकोने शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर केलं. पहिली ओळ एसटीची. सरकारने १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट केलं, म्हणून ती अर्धी. मुलगी सात वर्षांची, म्हणून अर्धी. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि धाकटा चारचा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटी फुकट, त्यामुळे आईचा हिशेब शून्य. घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच. आजवर मी स्वतःला कुटुंबप्रमुख समजत होतो, ते पद नेमकं कशाचं आहे हे त्या वहीत मला प्रथमच स्वच्छ दिसलं.

आईच्या वयाबद्दल मात्र थोडी चर्चा झाली. तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, जशी तिच्या वयाच्या निम्म्या गावाची आहे. खरा जन्म मोठ्या पुरानंतरचा, असं ती सांगायची. पण तो कुठला पूर, यावर तिचं आणि मावशीचं कधी जमलं नाही. जन्मभर स्वतःचं वय दोन-चार वर्षांनी कमी सांगणारी माझी आई आता कोणी न विचारता पंचाहत्तर पूर्ण झाल्याचं सांगते, आणि कार्डही दाखवते.

तिला खरं तर रेल्वेने जायचं होतं. मूल-मारोड्याहून गाडीने नागभीड, आणि तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूर, हा तिच्या तरुणपणीचा रस्ता. ती छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, हे मी तिला दर उन्हाळ्यात सांगतो. दर उन्हाळ्यात ती म्हणते, "मंग थांबू ना, होईल चालू."

मामाकडे राहायचं म्हणजे राहण्याचा खर्च नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना बहुधा मेहुणेच नसावेत. धानाच्या गावातून जाणारा पाहुणा रिकाम्या हाताने गेला, तर मामी काही बोलणार नाही, आणि तेच महागात पडतं. म्हणून अर्धा कट्टा एचएमटी तांदूळ सोबत घेतला. वाटेत नागभीड लागलं, तेव्हा मी मुलीला सांगितलं की हा तांदूळ याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केला, आणि घड्याळाच्या कंपनीचं नाव त्याला मिळालं. लहानशा शेतकऱ्याने प्रयोगशाळेशिवाय केलेलं हे काम, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पप्पा, मग कट्ट्याचं तिकीट लागते का?"

तिकिटावरून खरा तमाशा त्याआधीच, सिंदेवाहीच्या अलीकडे होऊन गेला होता. ताईला तिकीट, मला नाही, या अन्यायावर धाकट्याने असा सूर लावला की मागच्या बाकावरची माणसं खिडकीबाहेर पाहायला लागली. वाहकाने समजावलं, मी दटावलं, बायकोने पन्नीतला चिवडा पुढे केला. शेवटी आईने तिला मिळालेलं शून्य रुपयांचं तिकीट त्याच्या मुठीत दिलं. तो लगेच गप्प झाला. भिवापूर येईपर्यंत ते तिकीट त्याच्या तोंडात होतं, आणि चेकर चढला तर काय दाखवायचं, या धास्तीने उमरेडच्या स्थानकावर मला आलुबोंडा गोड लागला नाही.

नागपूरचं नियोजन मी एकाच तत्त्वावर केलं होतं: मे महिन्यात सगळ्यात स्वस्त एसी कुठे मिळतो? उत्तर आहे, मेट्रोत. लॉजवाला एसीच्या खोलीचे पैसे रात्रीच्या हिशेबाने मागतो. मेट्रो थोड्या पैशांत थंड हवाही देते आणि शहरही खिडकीबाहेरून फिरवून आणते. नागपूरकर तिच्यात बसून मोबाइल पाहत होते. आमची पोरं काचेला नाक लावून उभी. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपण, हे मी त्यांना समजावत होतो. हा तीन किलोमीटरचा दुमजली पूल गिनेसच्या पुस्तकात गेलाय, असंही सांगितलं. आईने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खालच्यायले ऊन नाही लागत, ते बरं केलं."

आणि सीताबर्डीचं स्टेशन! दोन मार्ग जिथे एकमेकांना भेटतात ते हे स्थानक, म्हणून जिनेही भरपूर. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. धाकटा प्रत्येक वेळी शेवटच्या पायरीवरून उडी मारायचा आणि पायरी कुठे गेली म्हणून मागे वळून पाहायचा. आईने मात्र पहिल्या पायरीपुढे लुगडं सावरलं, जिन्याला हात जोडले आणि साध्या पायऱ्यांनी निघाली. ती आमच्या आधी वर पोहोचली. इथला सुरक्षारक्षक भला माणूस होता. तो काही वेळाने जवळ आला तेव्हा मला वाटलं आता हाकलणार, पण त्याने विचारलं, "कुठचे जी तुम्ही?" मूलचे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. तो सावलीचा निघाला, आमच्या शेजारच्याच तालुक्यातला. मग आमच्या पोरांना जिना खुला.

रमण विज्ञान केंद्राला तिकीट होतं, तरी ते मी आनंदाने काढलं. हे केंद्र १९९२ पासून आहे, आणि शाळेच्या सहलीत मला ज्या डायनोसॉरची भीती वाटली होती त्याच्या शेपटीखाली माझी मुलगी फोटोसाठी उभी राहिली. दीक्षाभूमीला आई स्तूपाच्या गार फरशीवर बराच वेळ बसून राहिली. १९५६ साली १४ ऑक्टोबरला इथला सोहळा झाला आणि बाबासाहेब १६ तारखेला चांद्याला, म्हणजे आपल्या चंद्रपूरला आले, हे तिने नातवंडांना तारखांसकट सांगितलं. स्वतःची जन्मतारीख न जुळणाऱ्या बाईला या तारखा पाठ आहेत.

मामाचा आग्रह गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाचा होता. तिथे बसमधून वाघ दाखवतात. आमच्या जिल्ह्यातले काही पकडलेले वाघ त्याच गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात नेऊन ठेवतात, हे आईला कुठून तरी ठाऊक होतं. "आपल्याच गावचा असंल तो," ती म्हणाली. "त्याले भेटाले तिकीट काहाले काढाचं?" यावर मामाकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या वहीत पैसे नव्हते.

संत्रानगरीत संत्री मात्र मिळाली नाहीत. संत्र्याचे दोन्ही बहार मेच्या आधीच आटोपतात, हे मला माहीत होतं. पोरांना माहीत नव्हतं. मग संत्रा बर्फी घ्यावी लागली. बर्डीच्या बाजारात धाकट्याला पाण्याची बंदूक, मुलीला चष्मा, बायकोला "काही नको" आणि त्यानंतर दोन ड्रेस, अशा क्रमाने वहीचं पान भरलं. एसटीत जे वाचलं ते बर्डीने चक्रवाढ व्याजासह वसूल केलं. माझ्यासाठी मी काही घेतलं नाही. पूर्ण तिकिटाच्या माणसाला ते शोभलंही नसतं.

परत आल्यावर आठवड्याभरात मामाचा फोन आला.

"भाऊजी, दिवाळीत येतो म्हणतो. खर्च एकदम कमी ठेवायचा आहे. सफारी परवडत नाही आम्हाला. तुमच्याकडेच राहू. मला सांगा, तुमच्या गच्चीवरून वाघ दिसतो का?"

मी काही बोलायच्या आत आईने फोन हातातून घेतला.

"दिसते ना बापा. येताना बर्फीचा मोठा डबा आन. वाघाचं मी पायतो."