अंडा आत गेला पाहिजे

तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे, हे मला सांगता येत नाही. म्हणून जे घडलं ते फक्त मांडतो.

मी इरुंगाट्टुकोट्टैला राहतो. हे नाव पुण्यातल्या एकाही नातेवाइकाने अजून एका दमात घेतलेलं नाही. मावशी "इरंगाट... तेच ते" म्हणते. चेन्नईकरांच्या मते हे चेन्नई नव्हे, श्रीपेरुंबुदूरकडचं काहीतरी. जिल्हा कांचीपुरम. त्यामुळे "कांजीवरम साड्यांच्या गावाला राहतोस आणि येताना एक आणवत नाही" हेही मला दर दिवाळीला ऐकावं लागतं.

गाव म्हणजे सिपकॉटची वसाहत, आपल्या एमआयडीसीची तमिळ बहीण. 1998 साली पहिली सँट्रो इथल्या कारखान्यातून बाहेर पडली आणि मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून मी दिवसभर लोकांशी वाद घालतो आणि त्याचा मला पगार मिळतो. एवढं लक्षात असू द्या.

मागवलेला पिझ्झा आमच्या दारात येतो तेव्हा त्याचं चामडं झालेलं असतं. म्हणून परसात लाकडावरची विटांची भट्टी बांधायची, असं मी ठरवलं. घर भाड्याचं. घरमालक भला माणूस, त्यांची अट एकच: अग्नी आग्नेयेला. तिथे कपडे धुवायचा दगड होता, तो त्यांनी स्वतः हलवून दिला. संध्याकाळी समुद्राकडचा वारा नेमका त्याच दिशेने येतो आणि त्या कोपऱ्यातला धूर सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरतो, हे मी त्यांना कागदावर बाण काढून दाखवलं. ते म्हणाले, बाण छान आहेत.

मग विटा. साधी वीट चालत नाही, अग्निवीट लागते: 230 बाय 115 बाय 75 मिलिमीटर, वजन साधारण 4 किलो. माझ्या हिशेबाने 120 विटा पुरत होत्या. विक्रेता म्हणाला, एक टनाखाली गाडी हलत नाही. एक टन म्हणजे 250. उरलेल्या 130 विटांवर घरमालकांच्या आईने कुंड्या मांडल्या आहेत. तेराशे अंश तापमान सहज सोसणाऱ्या विटांवर तुळस, मोगरा आणि कढीपत्ता अत्यंत सुरक्षित आहेत.

जोडायचा मसालाही साधा नव्हे. नुसता सिमेंटचा माल एवढ्या तापात भुसभुशीत होतो, म्हणून वाळू 3, सिमेंट 1, चुना 1 आणि अग्निमाती 1 असं प्रमाण धरतात. अग्निमाती मागितली तेव्हा दुकानदाराने मला पांढरं सिमेंट दिलं. मी परत केलं. त्याने टाइल्सचा गोंद दिला. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, बांधताय काय? पिझ्झासाठी भट्टी, म्हटल्यावर त्याने हातातला गोंद कपाटात ठेवला आणि पिझ्झाच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

आता मेस्त्री. आपला मिस्त्री आणि तमिळ मेस्त्री हे दोघेही पोर्तुगिजांच्या 'मेश्त्रे'चे वंशज, तेव्हा निदान नावापुरतं तरी आमचं जमायला हरकत नव्हती. मी त्यांना ए-थ्री कागदावर नकाशा दिला. घुमटाचा आतला व्यास 36 इंच, उंची 18, आणि तोंडाची उंची घुमटाच्या 63 टक्के, म्हणजे सव्वाअकरा इंच, अधिकउणे 2 मिलिमीटर. या 63 ला अर्थ आहे. अशा भट्टीत थंड हवा तोंडाच्या खालच्या अंगाने आत जाते आणि धूर वरच्या अंगाने बाहेर पडून तोंडापुढच्या धुराड्यात चढतो. तोंड उंच झालं की आतली धग घुमटात थांबतच नाही, सरळ बाहेर चालू लागते. ठेंगणं केलं तर आगीला श्वास पुरत नाही. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. मेस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकाशावर वडा ठेवून खाल्ला. तेलाचा डाग बरोबर धुराड्यावर पडला.

मग ते तोंडाच्या मापाकडे बोट करून म्हणाले, "सार, अंडा उळ्ळे पोगादु."

उळ्ळे म्हणजे आत आणि पोगादु म्हणजे जात नाही, एवढी तमिळ मला येते. अंडं आत जात नाही? मी म्हटलं, पिझ्झावर अंडं घालणार नाही. ते म्हणाले, अंडा पाहिजेच. मी चिमटीत अंड्याचा आकार धरून दाखवला आणि सव्वाअकरा इंचांतून तो आरामात नेऊन आणला. मेस्त्रींनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि दोन्ही हात पसरून आपला अंडा केवढा ते दाखवलं. एवढं मोठं अंडं कुठला पक्षी घालतो, याचा मी खरोखर दोन मिनिटं विचार केला.

शेवटी मेस्त्रींच्या हाताखालचा ओडिशाचा पोरगा मदतीला आला. "सर, अंडा मतलब बडा बर्तन. बिर्याणी का." तमिळमध्ये अंडा म्हणजे आपला हंडा! आपण त्यात पाणी तापवतो, हे बिर्याणी शिजवतात. माझ्या घरात अंडाही नाही आणि तो भरेल एवढी माणसंही नाहीत, हे मी त्याच्यामार्फत कळवलं. उत्तर आलं, "आज नाहीत."

सोमवारी कंपनीत ऑडिट होतं. संध्याकाळी घरी येऊन टेप लावली. तोंड 14 इंच. म्हणजे 78 टक्के. अधिकउणे 2 मिलिमीटरच्या जागी अधिक 70. कंपनीत असा भाग आला असता तर मी त्याला लाल चिठ्ठी लावून वेगळा ठेवला असता. भट्टीला लाल चिठ्ठी लावता येते, वेगळी ठेवता येत नाही. मेस्त्री म्हणाले, "परवायिल्ल सार." याचं मराठी 'चालतंय की'. फरक एवढाच, की चालणार नाहीये हे आपल्याकडे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. मेस्त्रींना ते खरंच चालत होतं.

घुमटाची शेवटची वीट बसली त्या रात्री मामाने व्हॉट्सॲपवर जुनं कात्रण पाठवलं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, त्याची बातमी. खाली मामाची ओळ: "पाववाले भट्ट्या बंद करतायत, तू बांधतोयस." मामा रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून फक्त अशाच वेळी लिहितो.

पुढची चूक मात्र माझी, आणि तिचं मूळ पुण्यात आहे. गणपती गेले की पाऊस संपला, हे हाडात बसलेलं. त्या हिशेबाने मी काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुरं केलं. तमिळनाडूत पाऊस तेव्हा सुरू होतो. ओल्या घुमटात एकदम मोठी आग घालायची नसते. विटांतल्या पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 पट जागा मागते, आणि न मिळाल्यास भिंत फोडून घेते. म्हणून आठवडाभर रोज थोडी थोडी वाढवत मंद आग ठेवायची. मी दिवसा सुकवायचो, रात्री पाऊस भिजवायचा. टीव्हीवर चेंबरंबाक्कम तलावाची पातळी सांगायचे तेव्हा सारं घर शहराच्या काळजीने ऐकायचं आणि मी भट्टीच्या.

झाकायला घरमालकांनी एका सभेचा फ्लेक्स आणून दिला. घुमटावर तो असा बसला की नेत्याचा हसरा चेहरा बरोबर माथ्यावर आला. सकाळी खाली मंद आग पेटवली की त्यांच्या डोक्यातून वाफ निघायची. येणारेजाणारे थांबून बघायचे. काही हातही जोडायचे. कुणाला, ते मी विचारलं नाही. पुण्याहून आईचा रोज फोन: "झाला का रे पिझ्झा?" आठ दिवस रोज आग पेटते आणि खायला काही मिळत नाही, हे आईला पटवणं वाफेचं गणित समजावण्यापेक्षा कठीण होतं. "मग निदान वांगं तरी भाज," ती म्हणाली. भाजलं. भरीत उत्तम झालं. धुराचा वास स्वयंपाकघरात आधीपासून होताच.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. कारखान्यांतून फेकलेल्या पॅलेटचे ढीग इथे फुकट मिळतात, पण ज्यांच्यावर 'एमबी'चा शिक्का असतो त्यांना किडीसाठी मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते जाळून त्यावर अन्न करायचं नसतं. माझी तपासणी बघून भंगारवाल्याने कंटाळून ढीग दुसऱ्याला दिला. मी सुरूचं लाकूड विकत आणलं. इथे त्याला सवुक्कु म्हणतात आणि ते किलोवर मिळतं. पावसाळ्यात त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं.

नापोलीच्या पिझ्झाचे नियम युरोपीय संघाने 2010 साली छापून ठेवले आहेत: 60 ते 90 सेकंद, त्याहून जास्त नाही. डिसेंबरात माझा पहिला पिझ्झा आत गेला. कंपनीतून आणलेल्या तापमापक बंदुकीने तळ 410 अंश दाखवला. घुमट 290. वरची सगळी धग 14 इंचांतून बाहेर पडून माझ्या भुवयांवर येत होती. 90 सेकंदांत पिझ्झा खालून कोळसा आणि वरून कच्चा. घरमालकांच्या आईने तो उलटा करून पाहिला आणि मला न विचारता पीठ चाखलं. "आंबलंय जास्त. इडलीच्या पिठाला इथे गार पाणी घालतात," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला घातलं. पीठ चांगलं झालं. म्हणजे पिझ्झा खालून चांगल्या पिठाचा कोळसा झाला.

जानेवारीत घरमालकांच्या नातवाचं बारसं झालं. चाळीस माणसं. मेस्त्रींनाही बोलावणं होतं. ते येताना अंडा घेऊन आले, तांब्याचा, आतून कल्हई केलेला. मला हाक मारून त्यांनी तो भट्टीच्या तोंडातून आत सरकवला. कुठे घासला नाही. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. झाकणावर निखारे ठेवून मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

तेव्हापासून रविवारी भट्टी लावलेली असते. आधी घरमालकांचा अंडा, मग शेजारच्या दोघांचे. दुपारी अडीचनंतर माझा नंबर लागतो. तोवर तळ 220 अंशांवर उतरलेला असतो. त्या धगीत पिझ्झा 12 मिनिटांत होतो, खालून वरून सारखा. आमच्या जुन्या विजेच्या ओव्हनमध्येही त्याला 12 मिनिटंच लागायची.