वापरकर्त्याने स्वतः चालवू नये!

सिस्टीम सेवांची मॅन पेजेस लिहिणाऱ्या अनाम लेखक महाशयांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मॅकच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'सीएफप्रेफ्सडी' हे नाव दिसते, तेही दोनदा. भाबडा वापरकर्ता दचकतो, टर्मिनल उघडून त्या नावाचे मॅन पेज, म्हणजे माहितीपान, मागतो. आपण कृपावंत होऊन सांगता, ही सेवा सीएफप्रेफरन्सेस आणि एनएसयूजरडिफॉल्ट्स या एपीआयसाठी आहे, तिला स्वतःच्या सेटिंग्ज नाहीत, वापरकर्त्याने ती स्वतः चालवू नये. संपले! पाट्या रंगवणारा पुणेकरसुद्धा आपल्यापुढे बडबड्या ठरेल. आणि 'चालवू नये' हे बजावलेत ते बरेच झाले. लोक एरवी सकाळी उठून दुसरे करतात तरी काय?

आतली यंत्रणा झाकून ठेवावी, हे मान्य. न झाकल्यास काय होते पाहा: सिमसिटी हा खेळ सोडून दिलेली मेमरी पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर ते खपून गेले, आणि विंडोज 95 च्या वेळी मायक्रोसॉफ्टला त्या एका खेळासाठी वेगळी सोय करावी लागली. आतल्या गोष्टींवर बाहेरचे विसंबले की त्या बदलता येत नाहीत.

पण महाराज, आतली फंक्शने मागितली कोणी? प्रश्न साधे आहेत. ही दोनदा का दिसते? एक सिस्टीमसाठी, एक तुमच्या खात्यासाठी. एखाद्या अ‍ॅपच्या सेटिंग्जची प्लिस्ट फाइल हाताने बदलली तर बदल गायब का होतो? अ‍ॅपच्या सेटिंग्ज हिने मेमरीत धरून ठेवलेल्या असतात. म्हणून 'डिफॉल्ट्स' कमांड वापरावी. एवढे छापल्याने कोणते गुपित फुटले असते?

आपण गप्प राहिलात, म्हणून लोक कुठून तरी ऐकून 'किलऑल सीएफप्रेफ्सडी' ठोकून ही सेवा बंद पाडतात. सेवा सांभाळणारा लाँचडी तिला पुन्हा उभी करतो, लोकांना वाटते जादू झाली, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच कुठल्या सेवेवर तोच मंत्र चालवून पाहतात. जिला हात लागू नये म्हणून ही मौनसाधना, तिचाच रोज गळा दाबला जातो.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये आपल्याच प्रोग्रॅमचे दोष 'बग्ज' या मथळ्याखाली छापले होते. आपण त्यांच्याही पुढे गेलात. सेवा काय करते हेच सांगितले नाही, की ती कुठे चुकते हे सांगायची वेळच येत नाही!

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक (स्वतः काहीही न चालवणारा) वापरकर्ता

ता. क. सेटिंग्ज नाहीत हे कळले. लॉग कुठे पाहायचे, तेवढे कळवा.