मामा किनाऱ्याला लागतात

भूमध्य समुद्रातली क्रूझ करून आलेल्या माणसाला ‘रोम कसं वाटलं?’ असं विचारलं की तो आधी बसबद्दल बोलतो. बिचाऱ्याचा इलाज नसतो. जहाज रोमला लागत नाही, ते लागतं चिवितावेक्कियाला. सम्राट ट्राजानने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. फ्लॉरेन्स पाहायचं तर लिव्होर्नोला उतरायचं आणि पुन्हा बस गाठायची. नाश्ता जहाजावर, रात्रीचं जेवण जहाजावर आणि मधल्या वेळात दोन हजार वर्षांचा इतिहास. त्यातूनही स्वच्छतागृहाच्या रांगेतला वेळ वजा.

अमळनेरचे मामा-मामी अशी सफर करून आले आणि मामांची प्रवासाबद्दलची मतं पक्की झाली. कुठलंही शहर एका दिवसात ‘होतं’, फक्त परतायची वेळ आधी ठरलेली पाहिजे. हिवाळ्यात ते भाच्याकडे कामरेजला आले तेव्हा सुरतही याच पद्धतीने करायची असं ठरलं. भाचा सुरतेत एका हिऱ्याच्या कारखान्यात हिशेब पाहतो. सुरत ‘करायची’ असते हे त्याला नवीन होतं. तो ती रोज सहन करत असे.

कामरेज सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर आहे. मुंबई-दिल्ली हमरस्त्यावरचा इथला चार रस्ता म्हणजे सौराष्ट्राची ओसरीच. भल्या पहाटेही तिथे ट्रॅव्हल्सच्या बसमधून अर्धा बाहेर लोंबकळणारा पोऱ्या ‘भावनगर, अमरेली, महुवा’ असं एका श्वासात ओरडत असतो आणि झोपलेली पोरं खांद्यावर टाकून माणसं चढत-उतरत असतात. मामांनी हे सगळं पाहिलं, शहर अजून किती लांब आहे ते विचारलं आणि समाधानाने मान डोलावली. “म्हणजे कामरेज हे आपलं चिवितावेक्किया.”

“तिथे निदान कॉफी बरी होती,” मामी म्हणाल्या.

मामांची उपमा गमतीची खरी, पण सुरतेला ती चपखल बसते. ज्या बंदराला सतराव्या शतकातलं युरोप नावाने ओळखत होतं, त्या सुरतेला मोठी जहाजं लागतच नसत. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे. त्यामुळे गलबतं शहराच्या पश्चिमेला, समुद्रावर सुवाळीला नांगर टाकत आणि तिथून माल व माणसं बैलगाड्या नाही तर लहान होड्यांतून शहरात येत. १६१२ मध्ये याच सुवाळीच्या पाण्यात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथेच उतरला आणि उतरताच त्याचं जकातवाल्यांशी वाजलं. आपल्या माणसांची झडती घेऊ देणार नाही, असा त्याचा हट्ट. बंदरावर पाय ठेवताच बॅगा तपासण्यावरून तोंड सोडणारा पाहुणा ही काही आपल्या काळाची देणगी नाही.

सुरतेत रिक्षा केली. मामांनी जुळवाजुळव करून गुजरातीत सुरुवात केली, “भाई, किल्ला...” रिक्षावाल्याने मागे वळून अहिराणीत विचारलं, “कथा जानं शे, आबा?” गृहस्थ मामांच्याच खानदेशातले, शिरपूरकडचे निघाले. यात नवल नाही. सुरत-भुसावळ रेल्वेने खानदेश पिढ्यानपिढ्या सुरतेत उतरतो आहे. उधना-लिंबायत भागात अहिराणी इतकी कानावर पडते की गुजरातीच पाहुणी वाटावी. नव्या देशात पोचल्याची मामांची हौस मात्र फिटली नाही.

किल्ला पोर्तुगीजांच्या त्रासावर उतारा म्हणून सोळाव्या शतकात, गुजरातच्या सुलतानाच्या काळात खुदावंदखानाने बांधला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दार लावून बसला होता. महाराज साधारण चार दिवस होते. मामा तटाकडे बघत म्हणाले, “चार दिवस! आम्हाला नेपल्सला धड एक दिवस मिळाला नाही.”

“ते काही फोटो काढायला आले नव्हते,” मामी म्हणाल्या.

जवळच १६४४ ची मुघलसराई. सुरत म्हणजे हजच्या यात्रेकरूंचं मक्केकडचं दार, आणि सराई ही त्यांच्या मुक्कामाची जागा. आज तिथे महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. फायली काखेत दाबून दरवाजातून आत शिरणारी माणसं पाहून मामांना वाटलं की यात्रा अजून चालूच आहे.

मग कतारगामकडची युरोपियनांची थडगी. ही मात्र वेळ काढून पाहावीत. इंग्रज आणि डच मंडळी जिवंतपणी वखारींवरून भांडली आणि मेल्यावर घुमटांवरून. क्रिस्टोफर आणि जॉर्ज या ऑक्झेंडन भावांची दुमजली घुमटी समाधी पाहिली की आत एखादा नवाब निजला असावा असं वाटतं, निघतो कंपनीचा कारभारी. हाच जॉर्ज १६६४ मध्ये इंग्रजांची वखार सांभाळून बसला होता. डचांच्या बाजूला व्हान रेडे आहे. मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा माणूस १६९१ मध्ये वारला. मामांनी कठड्याला टेकून घड्याळ पाहिलं आणि बारा खंड वाचायला क्रूझवर वेळ मिळणार नाही असा निर्वाळा दिला.

खरी मौज पुढे आहे. ज्या समुद्राचं कौतुक मामा करत होते, तिकडून हौशी प्रवासी सुरतेत येऊन गेलेत. टॉमस कोर्यट हा इंग्रज आधी व्हेनिस पाहून आला आणि १६११ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहून बसला. तेवढ्यानेही पाय शांत बसेनात, म्हणून सीरियातल्या अलेप्पोहून चालत हिंदुस्थानात आला. पार अजमेरपर्यंत पायी. सुरतेला पोचल्यावर तिथल्या इंग्रजांनी आग्रहाने दारू पाजली आणि १६१७ च्या डिसेंबरात तो गेला. हजारो मैलांनी न खचलेला माणूस यजमानांच्या पाहुणचाराने खचला. याउलट मनुची. व्हेनिसचा हा पोरगा १६५६ मध्ये सुरतेला लागला तर इथले सगळेच लाल थुंकताना दिसले. त्याला आधी वाटलं, यांना काही रोग आहे. मग एका इंग्रज बाईने विडा दिला. खाल्ल्यावर डोकं असं गरगरलं की त्याला मरणच दिसलं. तोंडात मीठ घातल्यावर तो शुद्धीवर आला.

हे ऐकून मामांनी ताबडतोब पान मागवलं. आधी लोचो झाला होता. गरम वाफेचा, वर लोणी, शेव, कांदा आणि हिरवी चटणी. त्यावर पान. डोकं काही गरगरलं नाही. मामांच्या मते व्हेनिसच्या लोकांना पचनशक्ती कमी.

संध्याकाळी कामरेजला परतल्यावर भाच्याने त्यांना तापीकाठी नेलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशी-पुस्तक भडोचच्या वाटेवरच्या कम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख करतं, आणि काही अभ्यासकांच्या मते ते हेच कामरेज. २००३ मध्ये इथे उत्खनन झालं, प्राचीन बंदराच्या खुणा आणि परदेशी कुंभांची खापरं मिळाली. ते पुस्तक सांगतं की भडोचला इटलीच्या दारूला चांगली मागणी, आणि पैठणहून अकीक गाड्यांतून तिकडे येई. म्हणजे सुरत नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी भूमध्य समुद्राचा व्यापारी इथे उतरत असावा.

मामा एकदम उठून उभे राहिले. तापीकडे पाठ करून मामींसह फोटो काढला आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावर टाकला. खाली लिहिलं : ‘पहिल्या शतकातल्या रोमन व्यापाराचं ऐतिहासिक बंदर.’ पुण्याच्या मावशींनी लगेच विचारलं, ‘हे ग्रीसमध्ये का? तिथे शाकाहारी जेवण मिळतं का हो?’ मामांनी उत्तर दिलं, ‘मिळतं. लोचो म्हणतात.’