ग्रुपवर टाकलंय

परवा ऑफ तासाला एक तरुण सर घाईघाईने स्टाफरूममध्ये आले. पुढच्या तासाला दहावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवायचं होतं. "पाण्यातल्या पेन्सिलीचा तो मराठी व्हिडिओ कुणाकडे आहे का?" त्यांनी विचारलं. वह्या तपासता तपासता, मान वर न करता तिघांनी उत्तर दिलं, "ग्रुपवर टाकलाय बघा."

कोणत्या ग्रुपवर? शाळेच्या? विज्ञान विषयाच्या? वॉर्डाच्या? संघटनेच्या? सर अंगठ्याने पडदा वर वर सरकवत राहिले. सुप्रभात, वाढदिवस, रजेच्या अर्जाचा नमुना, बीएलओच्या कामाचा आदेश, पुन्हा सुप्रभात. बेल झाली तरी व्हिडिओ सापडला नव्हता. सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि तास छान घेतला, कारण ते मुळात चांगले शिक्षक आहेत. पण त्यांची पंचवीस मिनिटं गेली ती गेलीच. मुंबईच्या उपनगरांतल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये अशी मिनिटं रोज जातात आणि त्यांचा हिशेब कोणत्याही रकान्यात भरला जात नाही.

आपण 'टाकलंय' म्हणतो, आणि ते क्रियापद अगदी अचूक आहे. टाकतोच आपण. ठेवत नाही.

ठेवण्याची रीत शिक्षकाला नवी नाही. आमच्या पेशात टाचण वही नावाची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उद्याचा घटक कोणता, उद्दिष्ट काय, साहित्य कोणतं लागेल, मुलांना काय विचारायचं, हे आदल्या रात्री लिहून ठेवायचं. ज्या बाईंच्या हाताखाली मी उमेदवारी केली, त्यांच्या टाचणाच्या समासात लाल शाईने बारीक नोंदी असत: इथे मुलं अडतात, हा प्रयोग खिडकीजवळच जमतो, हे उदाहरण पुढच्या वर्षी नको. ते समास हे त्यांच्या तीस वर्षांच्या शिकवण्याचं सार होतं. आज साहित्य इंटरनेटवर आहे, म्हणून टाचणाचा समासही इंटरनेटवर हवा. त्यालाच सोशल बुकमार्किंग म्हणतात. नाव परदेशी असलं, तरी काम आपलंच आहे.

२००३ साली अमेरिकेत जोशुआ शॅक्टर यांनी डिलिशस नावाची सेवा सुरू केली. कल्पना साधी होती. आवडलेल्या पानाचा पत्ता आपल्या संगणकात न ठेवता जाळ्यावर ठेवायचा, त्याला आपल्या शब्दांत टॅग द्यायचे आणि तो सगळ्यांना दिसू द्यायचा. त्याच टॅगखाली दुसऱ्यांनी काय ठेवलंय, तेही आपल्याला दिसणार. म्हणजे अंधेरीच्या बाईंनी जे शोधलं, ते बोरिवलीच्या सरांना पुन्हा शोधायची गरज नाही. २००६ मध्ये आलेल्या डीगोने त्यात भर घातली. पानावरच्या ओळींवर रंग मारा, शेजारी टीप लिहा आणि गटात वाटा. शिक्षकांसाठी तिथे वेगळी खातीही होती. आज रेनड्रॉप आहे, वेकलेट आहे. कोणतंही घ्या, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. यातलं कुणीही जन्माला पुरणार नाही. डिलिशस २००५ च्या डिसेंबरात याहूने विकत घेतलं. पाच वर्षांनी ते बंद होणार अशी बातमी फुटली आणि लोक आपापल्या याद्या घेऊन धावत सुटले. मग ते विकलं गेलं, पुन्हा विकलं गेलं, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या प्रतिस्पर्ध्याने ते घेऊन नव्या नोंदी थांबवल्या. पॉकेट ही तर मोझिलासारख्या भल्या संस्थेची सेवा होती. ती ८ जुलै २०२५ ला बंद झाली. म्हणून दर सत्राच्या शेवटी आपली यादी फाइल म्हणून उतरवून घ्यायची. 'एक्स्पोर्ट' असं एक बटण असतं. ते दाबलं की सगळे दुवे एका फाइलमध्ये येतात, आणि ती फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. दोन मिनिटांचं काम आहे. निकालपत्रकाची प्रत कपाटात ठेवता ना? तशीच हीही ठेवायची.

यादी राहिली तरी दुवे राहतात असं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसलं, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तेव्हा जे फार मोलाचं आहे, त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाकून त्या पानाची प्रत तिथे साठवायला लावा. ती सोय फुकट आहे.

आता टॅगांबद्दल बोलतो. या विषयावर व्याख्यानं देणारे लोक इथेच घसरतात, कारण त्यांनी मराठीत टॅग लावून कधी पाहिलेलेच नसतात.

डिलिशसमध्ये दोन टॅगांच्या मधे रिकामी जागा सोडायची पद्धत होती. पिनबोर्डची आजही तीच आहे. तिथे 'प्रकाश संश्लेषण' असं तोडून लिहिलं, की एकाचे दोन टॅग झाले: एक प्रकाश, एक संश्लेषण. मग अपवर्तन शोधणाऱ्याच्या पुढ्यात झाडाची पानं येतात. इयत्ता लिहिताना कुणी 'आठवी' लिहितं, कुणी देवनागरी आकडा घालतं, कुणी इंग्रजी. यंत्राच्या लेखी या तीन वेगळ्या इयत्ता झाल्या. आणि सर्वांत छळणारा प्रकार आपल्या आडव्या अर्ध्या र चा. आठवीच्या विज्ञानात 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा पाठ आहे. त्यातला तो अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा र वापरतात, काही साध्या र पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. माझ्या दोन सहकाऱ्यांनी एकाच पाठाचे दुवे एकाच पेटीत, म्हणजे एकाच सामाईक यादीत, ठेवले होते आणि सहा महिने एकमेकांना ते सापडत नव्हते.

उपाय आहे, आणि तो तंत्राचा नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या तिघा-चौघांनी एका दुपारी बसून टॅगांची यादी ठरवायची, कागदावर लिहायची आणि स्टाफरूमच्या भिंतीला लावायची. जोडशब्दात रिकामी जागा सोडायची नाही, मधे रेघ द्यायची. इयत्ता अक्षरांतच लिहायची. ताऱ्यांच्या पाठाला 'तारे' एवढाच टॅग लावायचा, म्हणजे त्या आडव्या र ची भानगडच उरत नाही. सेमीच्या वर्गांसाठी 'फोटोसिंथेसिस' हा टॅगही सोबत हवा, कारण उपनगरांतल्या मराठी शाळांत एकच बाई एका तासाला मराठीतून आणि पुढच्या तासाला इंग्रजीतून विज्ञान शिकवतात. आणि पाठाच्या क्रमांकाचा टॅग कधीही लावू नका. पुस्तक बदललं की क्रमांक बदलतो आणि सगळी पेटी आंधळी होते. संकल्पना मात्र त्याच राहतात.

शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. त्या माणसाच्या हाताशी संगणक नव्हता. नोंद कशी करायची, विषय कसा लावायचा, याची शिस्त होती. आजही अभ्यासक दाते सूची उघडतात आणि त्यांना हवं ते सापडतं. मराठीत हे झालेलं आहे. मग मूठभर दुव्यांची सूची आपल्याला का जमू नये?

मराठीत चांगलं काही नाहीच, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो, आणि ती मला मान्य नाही. आमच्या घाटकोपरपासून जवळच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांची प्राथमिक वर्गांसाठीची 'हलकं-फुलकं विज्ञान' ही पुस्तकं मराठीत आहेत. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याचे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकं फुकट आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संग्रहातले कितीतरी आभासी प्रयोग मराठीत उघडतात: विद्युत परिपथ जोडा, दिवा लावा, तार काढा. ज्या वर्गात दोन विजेऱ्यांचं साहित्य चाळीस मुलांत फिरवावं लागतं, त्या वर्गाला या प्रयोगाचं मोल विचारा. साहित्य आहे. ते कुठे आहे हे वेळेवर आठवत नाही, ही खरी अडचण आहे.

यातला सर्वांत मोठा फायदा परिसराच्या अभ्यासात आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अग्निजन्य खडक शिकवताना आपण मुलांना अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरचा व्हिडिओ दाखवतो, कारण शोधल्यावर तोच आधी येतो. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, एकसष्ट मीटर उंच, उभ्या स्तंभांचा. त्याच्या पायथ्याशी राहणारी मुलं भूगोलाच्या पेपरात स्तंभाकार बेसॉल्टची व्याख्या पाठ लिहितात आणि खिडकीतून दिसणारा डोंगर त्यांना कुणी दाखवलेला नसतो. कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, महाकालीची अंधेरीत, आणि मुलुंडहून खाडीपलीकडे फार लांब न जाता फ्लेमिंगो. या प्रत्येकावर नकाशे, छायाचित्रं, लेख विखुरलेले आहेत. हे दिल्लीतलं किंवा पुण्यातलं कुणी आपल्यासाठी गोळा करणार नाही. ते के वॉर्डाच्या, आर वॉर्डाच्या, टी वॉर्डाच्या शिक्षकांनीच करायला हवं.

पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडबद्दल मला आदर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी ती कल्पना वर्गात आणून दाखवली, पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने हे केलं, हे मी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगतो. पण तो कोड वरून ठरवलेल्या साहित्याकडे नेतो. मला सापडलेला गिल्बर्ट हिलचा दुवा मी त्यामागे घालू शकत नाही. तिथे स्थानिक पेटीच लागते.

प्रशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांनाही एक सांगायचंय. २०२० च्या टाळेबंदीत रोज सकाळी अभ्यासमालेचे दुवे मोबाइलवर यायचे आणि आम्ही ते पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवायचो. तेव्हापासून आम्हाला व्हिडिओ कसा बनवायचा, पीपीटी कशी करायची, गुगल फॉर्म कसा भरायचा हे वारंवार शिकवलं गेलं. जमवलेलं कसं लावून ठेवायचं, हे मात्र एकाही वर्गात शिकवलं नाही. त्यामुळे ज्यांचे व्हिडिओ चांगले आहेत त्यांचेही सापडत नाहीत, आणि जो तो पुन्हा नवा बनवत बसतो. साठवणीचा एक तास त्या वर्गांत ठेवा. आम्ही तो मनापासून करू.

हे सगळं मी इतक्या तळमळीने लिहितोय त्याला एक कारण आहे. आमच्या शाळेतल्या एक बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. रसायनशास्त्राचे, निवडून, तपासून ठेवलेले दुवे त्यांच्याकडे होते. कोणता व्हिडिओ कितव्या मिनिटापासून दाखवायचा हेही त्यांना ठाऊक होतं. सगळं त्यांच्या फोनमध्ये होतं. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. उन्हाळ्यात फोन बदलला आणि सगळं पुसलं गेलं. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, तेव्हाच मागून घ्यायचं होतंस की." खरंच घ्यायला हवं होतं. आम्ही कुणीच मागितलं नाही.

त्या जूनपासून आम्ही चौघांनी एक सामाईक पेटी सुरू केली. नियम एकच: नुसता दुवा चालणार नाही, त्याखाली एक ओळ लिहायचीच. कोणत्या मिनिटापासून दाखवायचं, भाषा कशी आहे, मुलं कुठे हसली, कुठे अडली. मुलुंड ते घाटकोपर धीम्या गाडीत बसायला मिळालं तर एक नोंद सहज होते. आता पेटीत दोनशेच्या वर नोंदी आहेत आणि जवळच्या आणखी दोन शाळांतले शिक्षक त्यात भर घालतात.

यंदा रुजू झालेल्या भूगोलाच्या बाईंनी 'अग्निजन्य-खडक' हा टॅग उघडला. त्यांना गिल्बर्ट हिल सापडला. घाटकोपरहून मेट्रोने त्या नववीच्या तीस मुलांना अंधेरीला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दुव्याखाली पाहिलं, तर नवी ओळ होती: 'नऊच्या आत पोहोचा, नंतर दगड तापतो. देवळाच्या पायऱ्या खडकातच कोरल्या आहेत, मुलांना हात लावून पाहू द्या.'