किती टक्के?

नगरमध्ये पूर्वी पोराचा निकाल लागला की शेजारी विचारायचे, "किती टक्के?" आजही तेच विचारतात. फक्त आता हे टक्के गुणांचे नसतात, फीमधल्या सवलतीचे असतात. कुणाकडे परदेशी विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं की सगळं घर त्यात स्कॉलरशिपचा परिच्छेद शोधतं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सावेडीतली अशी बरीच पत्रं वाचून दाखवायला माझ्याकडे येतात. विद्यापीठ कुठलं, विषय कोणता, हे आईबाप नंतर विचारतात. आधी विचारतात, "सर, सूट किती बसली?"

कापडबाजारात खरेदी करून मोठे झालेले आम्ही लोक. आधी किंमत फुगवून छापायची, मग तिच्यावर लाल शाईने काट मारायची, ही रीत आम्हाला नवी नाही. पण पैठणीच्या दुकानात ज्या बाईला दुकानदार फसवू शकत नाही, तीच बाई पौंडातली काट पाहून विरघळते. समजा फी 20,000 पौंड आणि सवलत 4,000 पौंडांची. पौंड शंभराच्या वर गेलाय, तरी हिशेबाला शंभरच धरू. पोराला चार लाखांची स्कॉलरशिप लागली म्हणून पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर गावातल्या सगळ्या इच्छुक नगरसेवकांचे फोटो येतात. उरलेल्या सोळा लाखांचा फ्लेक्स कुणी लावत नाही. त्यांची बोलणी बँकेत चालतात, दबक्या आवाजात.

बँकेतही गंमतच असते. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण लागतं. बाप सातबारा पुढे करतो: पाच एकर बागायत, डाळिंबाची बाग, विहिरीला बारमाही पाणी. साहेब मान हलवतात. शेतजमीन बहुतेक बँकांना शैक्षणिक कर्जासाठी चालत नाही, एनए प्लॉट असला तर बोला. ज्या जमिनीने तीन पिढ्या पोसल्या, ती चौथीला विमानात बसवू शकत नाही, हे बापाच्या पचनी पडायला चहाचे दोन कप लागतात.

मग कुणीतरी सांगतं, "जर्मनीला पाठवा, तिकडं फुकटात आहे." खोटं नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फी घेत नाहीत. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने मात्र 2017 पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लावले. पण व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून दाखवावे लागतात आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला 992 मिळतात. पैसे आपलेच, पण जर्मन शिस्तीने. हे ऐकून एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, फुकटाला बारा लाख लागत असतील तर विकतचं काय असेल?" मी इंग्रजीचा माणूस, अर्थशास्त्राचा नव्हे.

खरोखर हात देणाऱ्या योजनाही आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या वर्षाला 75 जणांना मिळते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या जागा 125. यांत फीचा, विमानाचा, राहण्याखाण्याचा खर्च निघतो. ज्याच्या घरात पेढ्यांनाही पैसे नव्हते असं पोर यातून जातं, तेव्हा फ्लेक्स लागला तर लागू द्यावा. त्याआधी दाखल्यांची वारी करावी लागते: उत्पन्न, जात, जातवैधता, रहिवास. त्यात शहर झालं अहिल्यानगर. जुन्या पासपोर्टवर अहमदनगर, नव्या दाखल्यावर अहिल्यानगर. ही दोन्ही गावं एकच असून मुलगा जागचा हललेला नाही, असं परदेशातल्या कारकुनाला कळवणारं पत्र मी मोठ्या अभिमानाने लिहून दिलं आहे.

पैसा कुणाचाही असो, त्याला अट असते. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, तेव्हा शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार लिहून घेतला होता. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये जो निधी उभा केला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून आल्यावर परतफेड करा, म्हणजे पुढच्याला मिळेल. लंडनच्या श्यामजी कृष्णवर्म्यांची तऱ्हा याच्या अगदी उलट. त्यांची शिष्यवृत्ती घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी जन्मात करायची नाही! आजच्या आईबापांनी ही अट वाचली असती तर पोराला आतल्या खोलीत कोंडलं असतं.

आणि आमच्या जिल्ह्याने तर शिष्यवृत्ती घालवण्यातही नाव काढलं आहे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट डेक्कन कॉलेजात शिकले आणि मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून 1904 मध्ये एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे त्यांनी इंग्रजी राज्यात हिंदुस्थानचे काय हाल चालले आहेत यावर भाषण केलं. शिष्यवृत्ती बंद झाली. अभ्यास मात्र थांबला नाही, विषय बदलला. बापट पॅरिसला गेले आणि बॉम्ब करायला शिकले. पुढे पारनेरला परतल्यावर हा विलायतेत शिकलेला माणूस भल्या पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचा. 1921 मध्ये मुळशीत टाटांच्या धरणाखाली शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा ते आडवे आले आणि त्या सत्याग्रहाने त्यांना 'सेनापती' केलं. इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीवर गेलेला माणूस आणि त्याची सगळ्यांत मोठी लढाई धरणाशी!

आज बहुतेक अर्जांना एसओपी, म्हणजे शिकण्यामागचा हेतू सांगणारा निबंध, जोडावा लागतो. "तुमच्या शिक्षणाचा तुमच्या देशाला काय उपयोग होईल?" पोरं गुळगुळीत इंग्रजीत लिहितात, मी स्वल्पविराम तपासतो. बापटांनी खरं खरं लिहिलं असतं तर उत्तर असं झालं असतं: रस्ते झाडीन, धरणाच्या आड येईन आणि संधी मिळताच तुमच्याविरुद्ध बोलेन. कुठल्याही समितीने हा अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला काढला असता. प्लेसमेंटच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे आजही शून्यच पडलं असतं. पण मंगळदास शेठच्या निधीतून कितीजण परदेशी गेले असतील, त्यांतले आपल्याला नावानिशी ठाऊक किती? मुंबईत दादरला लोकलमधून उतरलेला माणूस रोज ज्याच्या नावाच्या रस्त्यावरून चालतो, त्याची शिष्यवृत्ती मध्येच बंद झाली होती.

म्हणून परदेशी स्थिरावलेल्या नगरकरांना एक विनंती आहे. आपापल्या तालुक्यातल्या एका तरी पोरासाठी निधी काढा. सगळी फी जमत नसेल तर विमानाचं तिकीट द्या, पहिल्या महिन्याचं घरभाडं द्या. टक्क्यांत देऊ नका, रुपयांत द्या, म्हणजे आईबापांना समजेल आणि माझंही काम कमी होईल. अट घालायचीच तर एक घाला: भाषण केलं म्हणून ही शिष्यवृत्ती बंद होणार नाही.