बेटाचे गव्हर्नर कसे व्हावे

लागणारे साहित्य : एक राजा, त्याला लग्नात मिळालेले बेट, सुमारे चारशे शिपाई आणि ट्रान्झिट कॅम्पात मरण्याची तयारी. उमेदवाराने फौजेत चाकरी केलेली असावी. मुंबईचे गव्हर्नर नेमलेल्या सर अब्राहम शिपमन यांनी केली होती.

आधी कागद नीट वाचा. 1661च्या तहाने पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिली. पण मुंबई म्हणजे केवढी? इंग्रज म्हणत, माहीम-परळसकट. पोर्तुगीज म्हणत, गिरगाव-डोंगरीचे तेवढे बेट तुमचे. (लालबागच्या वाचकाला हे समजावायला नको. प्लॅनमधली खोली आणि ताब्यात येणारी खोली, दोन्ही त्याने पाहिल्या आहेत.)

मग जहाजात बसा. 1662मध्ये शिपमन मुंबईच्या बंदरात पोचले, तर गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने सनदेतच खोट काढली : हा कागद चालणार नाही, नवा आणा. नवा कागद लंडनहून यायचा म्हणजे दोन पावसाळे. सुरतेच्या ईस्ट इंडिया कंपनीवाल्यांनीही मुघलांच्या धाकाने दार लावून घेतले. अशा वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम करावा आणि एकेक शिपाई पुरत राहावे. अभ्यासक्रमाचा हा भाग सर्वांत लांब; बहुतेक विद्यार्थी इथेच गळतात. एप्रिल 1664मध्ये खुद्द शिपमनही गेले. नेमणूक मुंबईची, माती अंजदीवची.

म्हणून मृत्युपत्रात चिटणिसाचे नाव घालून ठेवावे. भाडेपावतीवर पुतण्याचे नाव लागते, तशी हम्फ्री कुकला गव्हर्नरी लागली. गोव्यात त्यावरही खल झालाच. 18 फेब्रुवारी 1665ला ताबा मिळाला. मूठभर माती नि दगड उचलायचे, झाले. बरोबर शिपाई उरले होते शंभराच्या आसपास. पण कुक पक्का. करारावरची सही वाळते न वाळते तोच त्याने माहीम, शीव, धारावी, वडाळा हळूच आत घेतले, गॅलरी बंद करून खोलीत घेतात तसे.

एवढे करून 1666मध्ये वरून सर जर्व्हास लुकस आले आणि कुकची खुर्ची गेली. लुकसही मे 1667मध्ये वारले. कंटाळलेल्या राजाने 1668मध्ये सगळे बेट कंपनीला देऊन टाकले, भाडे वर्षाला 10 पौंड. गिरगावातल्या पागडीच्या घरमालकाने भाडेवाढीचा विषय काढलाच, तर हा आकडा पाठ असू द्या.