चोक आत ढकलला का?

गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. पहाटे चावी फिरवली की पाच-सात मिनिटांत ते तापतं, आणि मग आपला प्रयोग दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. म्हणून माझ्या जुन्या एस्टीमला मेगास्क्वर्ट बसवल्यापासून आमच्याकडे सकाळी सातच्या आत गाडीला हात लावायला बंदी आहे. पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं असलं तरी रिक्षा. ‘गाडी दारात असताना?’ असं पाहुणे विचारतात. गाडी दारात राहावी म्हणूनच तर रिक्षा, हे त्यांना पटत नाही.

मेगास्क्वर्ट हा इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयू, अमेरिकेतल्या ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी हौशी लोकांसाठी तयार केला. घरी सोल्डरिंग करून जोडायचा आणि लॅपटॉप लावून शिकवायचा. कंपनीचा ईसीयू आपल्याला आत डोकावू देत नाही. हा सगळे तक्ते समोर मांडतो आणि म्हणतो, भरा. त्यातलाच एक वॉर्म-अपचा. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती वाफ. गार इंजिनात बरंचसं पेट्रोल वाफ न होता इनटेकच्या भिंतींना चिकटून बसतं, म्हणून वरून जास्तीचं द्यावं लागतं. किती, ते आपण ठरवायचं.

माझा तक्ता उणे ४० अंशांपासून सुरू होतो. उणे ४० वर म्हणे फॅरनहाइट आणि सेल्सियस यांचंही एकमत होतं. आमच्या सोसायटीचं कुठल्याच तापमानाला होत नाही. दहापैकी पहिले चार रकाने शून्याच्या खालचे, पुण्यात निव्वळ शोभेचे. मग ४, १६, २७, ३८, ५४ आणि शेवटी ७१. या ७१ च्या रकान्यात मात्र १०० टक्केच लिहायचे. म्हणजे लाड संपले, आता नेहमीचा शिधा.

पहाटेचा कार्यक्रम असा. चावी ऑन करताच पंप घूं करतो, इंजेक्टर एकदा पिचकारी मारतात. स्टार्टर. इंजिन पकडतं. ‘आफ्टरस्टार्ट’चं जादा पेट्रोल हळूहळू उतरत जातं. मिश्रण किती पातळ, किती दाट हे सांगणारा वाइडबँड सेन्सर तेवढ्यात स्वतःच तापत बसलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला भरवसा आपल्या नाकावर. डोळे चुरचुरले तर पेट्रोल जास्त, इंजिन गुदमरलं तर कमी. हे ठरवून २७ च्या रकान्यात आकडा टाकेपर्यंत कूलंट ३५ वर गेलेलं असतं. उद्या बघू.

तळमजल्यावरचे काका या धुरातच सूर्यनमस्कार घालतात. त्यांची एकेकाळी प्रीमियर पद्मिनी होती. ‘आमच्या वेळी चोक ओढला की संपलं,’ ते म्हणतात. खरंय. चोक म्हणजे हवा अडवून मिश्रण दाट करायचं, हाच तक्ता एका दांडीत. पण हेच काका एकदा चोक आत ढकलायचा विसरून लोणावळ्यापर्यंत गेले होते. मागे काळा धूर, पुढे त्यांचं गाणं. जास्तीचं द्यायला कुणालाही येतं. वेळेवर काढून घेणं हीच खरी विद्या.

संध्याकाळी दुसरा प्रयोग, अ‍ॅक्सिलरेशन एन्रिचमेंटचा. पेडल एकदम दाबलं की हवा क्षणात आत घुसते, पेट्रोलला मात्र भिंती ओल्या करूनच पुढे जावं लागतं. हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा काटा १४.७ वरून १७ वर उडतो आणि गाडी खोकते. तेवढ्या अर्ध्या सेकंदापुरतं जादा पेट्रोल द्यायचं. जास्त झालं की गाडी ढेकर देते. मी चालवतो, भाचा शेजारी लॅपटॉप धरून ओरडतो.

‘मामा, सतरा!’

‘थांब, वाढव.’

‘मामा, अकरा!’

सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, ‘लिलाव कशाचा आहे?’

यातली मेख अशी की पुष्कळदा दोष या जादा पेट्रोलचा नसतोच. नेहमीच्या शिध्याचा मुख्य तक्ताच चुकलेला असतो आणि आपण वरून मलम चोळत बसतो. आधी सावकाश, स्थिर वेगाने तो नीट करावा. हा सल्ला सगळे देतात, ऐकत कुणी नाही, कारण पेडल दाबण्यात मजा आहे.

परवा अखेर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ना धूर, ना खोकला. मी विजयी मुद्रेने काकांकडे पाहिलं.

‘झाली? आमची शोरूमची गाडी रोज अशीच सुरू होते.’

‘काका, तुमच्याही गाडीत असाच तक्ता आहे. फक्त तो भरायला कंपन्या माणसं बर्फात पाठवतात. स्वीडनमध्ये आर्येप्लोग म्हणून गाव आहे, हिवाळाभर गोठलेल्या तळ्यांवर गाड्या तपासतात.’

‘मग तूही जा की तिकडे. हिवाळाभर राहा. तक्ता पूर्ण भरूनच ये.’